विसरलेला काना

वैशाली नगर, जयपूर
६ जानेवारी २००९

मिताली सोहनी यांना नमस्कार.

तुमचं सांत्वनाचं पत्र नोव्हेंबरअखेरीलाच मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला. पत्रं लिहायची मला सवय आहे, पण या वेळी हात चालला नाही.

तुम्ही पुण्यात मानवी हक्कांच्या संस्थेत काम करता आणि आमच्या लेकराशी दीड वर्ष तुमचा पत्रव्यवहार होता, हे मला गोपालपुऱ्यातली खोली आवरताना कळलं. तुमची पत्रं बिस्किटांच्या डब्यात तारीखवार लावलेली होती. मी ती वाचलेली नाहीत. हवी असल्यास पाठवतो.

काय घडलं ते तुम्ही विचारलंत, म्हणून थोडक्यात लिहितो. मी मूळचा मिरजेचा. विमा कंपनीत मृत्यूदाव्यांच्या विभागात एकतीस वर्षं नोकरी केली. चौऱ्याऐंशी साली बदली होऊन जयपूरला आलो आणि इथेच राहिलो. पत्नी प्रतिमा २००१ मध्ये गेली. २००५ मध्ये लेकराने मला सांगितलं की आपण मुलगा नाही, मुलगी आहोत, आणि गोपालपुऱ्यात खोली घेतली. मी भांडलो नाही. काही बोललोही नाही. बसने पाऊण तासाचं अंतर, तरी आम्ही एकमेकांना पत्रं लिहायचो. समोरासमोर बसलं की मला सुचत नसे.

३ नोव्हेंबरला डेंग्यूचा ताप वाढला म्हणून दुपारी इथल्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. भरतीच्या अर्जावर ‘पुरुष’ असं लिहिलं गेलं. त्यावरून पुरुषांच्या वॉर्डात पाठवलं. तिथे हसाहशी झाली, ओढणी ओढली गेली, खाट मिळाली नाही. बायकांच्या वॉर्डाने कागद पाहून परत पाठवलं. पाच तास व्हरांड्यातल्या बाकावर गेले. शेवटी एका सिस्टरने सामानाची खोली रिकामी करून तिथे खाट टाकून दिली. ९ तारखेला सकाळी लेकरू गेलं. ते पाच तास वाचले असते तर फरक पडला असता का, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही.

त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. गोपालपुऱ्याच्या घरमालकिणीचेही. बारा दिवस तिच्याकडून डबा येत होता. पहिल्या दिवशी ती आली, भिंतीवरचा लेकराचा कॉलेजातला फोटो पाहिला आणि म्हणाली, “यो कुण छै? म्हारी बाईसा की फोटू कठै छै?” हा कोण, माझ्या बाईसाचा फोटो कुठे, असं विचारत होती; बाईसा म्हणजे इकडे घरातली लेक. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःजवळचा फोटो आणून दिला. साडीतला. तो मी कपाटात ठेवला आहे.

लेकराला तुमचा आधार होता, त्याबद्दल आभारी आहे.

प्रभाकर नातू


पुणे
१९ जानेवारी २००९

प्रभाकर काका, सादर नमस्कार.

मला ‘तुम्ही’ नको. तनयाहून मी दोनच वर्षांनी मोठी आहे. पत्रांचा डबा तुमच्याजवळच राहू दे.

आमची संस्था एक अहवाल तयार करते आहे. तनयासारख्या स्त्रियांना दवाखान्यात, नोकरीत, भाड्याच्या घरात काय सोसावं लागतं, याचे जबाब त्यात आहेत. आरोग्याच्या हक्कावर लक्ष ठेवणारे संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ जिनिव्हात असतात, त्यांच्याकडे तो जाईल. गोपालपुऱ्यातल्या कोचिंग क्लासने तिला सलवार-कमीझ घालून आल्यावर काढून टाकलं, नंतर सीतापुऱ्यात कपड्यांच्या कारखान्यात डेटा-एंट्री करावी लागली, हा जबाब तिने स्वतःच लिहून दिला होता. आता रुग्णालयाचा भाग तुमच्याकडून हवा आहे.

दोन गोष्टी विचारते. अर्जावर ‘पुरुष’ कोणी लिहिलं? तुम्ही ‘लिहिलं गेलं’ एवढंच म्हटलं आहे, आणि अहवालात कर्ता लागतो. दुसरं म्हणजे, तिचं नाव छापायचं तर जवळच्या नातेवाइकाची संमती लागेल. सोबत अर्ज आहे. त्यात ‘मृत व्यक्तीशी नातं’ या ओळीत तुम्ही तुमच्या हाताने लिहायचं. मी काही सुचवणार नाही. संमती नसेल तर आम्ही नुसतं ‘त, वय २६’ असं छापू.

ती तुमच्या पत्रांविषयी नेहमी बोलायची. ते पुढच्या वेळी लिहीन.

मिताली


वैशाली नगर, जयपूर
२ फेब्रुवारी २००९

चि. मिताली, आशीर्वाद.

पत्र पोचलं. बरं वाटलं.

अर्ज रुग्णालयाच्या कारकुनाने भरला. ओळखपत्र पाहून त्यानेच लिहिलं.

संमतीचा अर्ज ठेवून घेतला आहे. नात्याची ओळ अजून कोरी आहे. इथल्या महाराष्ट्र मंडळाचं त्रैमासिक पत्रक निघतं, त्यातही हाच प्रश्न आला. उमाकांतराव पत्रकाचं काम पाहतात. बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे. परवा दारातच उभे राहून म्हणाले, “प्रभाकरराव, श्रद्धांजलीत काय लिहू? सुपुत्र की सुकन्या? उद्या छपाईला द्यायचंय.”

मी म्हटलं, “अपत्य लिहा.”

“अपत्य? अहो, श्रद्धांजली आहे, रेशनकार्ड नव्हे!”

“मग या अंकात राहू द्या.”

ते गेले. थोड्या वेळाने त्यांनी सुनेच्या हाती साबुदाण्याची खिचडी पाठवली. माणूस वाईट नाही.

एक विचारतो. जिनिव्हाच्या या कायद्याला इथे काही वजन आहे का? आमच्याकडे पॉलिसीत लिहिलेलं असेल तरच दावा मंजूर होई.

प्रभाकर नातू


पुणे
१४ फेब्रुवारी २००९

प्रभाकर काका, नमस्कार.

तुमच्याच भाषेत सांगते. पॉलिसी आहे आणि आपल्या देशाने ती एकोणऐंशी सालीच घेतली आहे. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. त्याचं सोळावं कलम म्हणतं की प्रत्येकाला, सगळीकडे, कायद्यापुढे व्यक्ती म्हणून ओळख मिळण्याचा हक्क आहे. एवढंच वाक्य. अपवाद नाही. मात्र एकेका माणसाची तक्रार थेट तिथल्या समितीकडे नेण्याची वाट भारताने उघडलेली नाही. म्हणून आम्ही अहवाल पाठवतो आणि तज्ज्ञ सरकारला विचारतात.

दोन वर्षांपूर्वी योग्यकार्ता तत्त्वं प्रसिद्ध झाली. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात देशोदेशीचे कायद्याचे जाणकार जमले होते, त्यांनी ती लिहिली. ती तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे. असलेला कायदा तनयासारख्यांच्या बाबतीत कसा वाचायचा, ते त्यात मांडलं आहे. तिसरं तत्त्व ओळखीचं. माणूस स्वतःला जे म्हणून ओळखतो, ती ओळख त्याच्या कागदपत्रांवर यावी, ही राज्याची जबाबदारी. सतरावं आरोग्याचं. तनयाने वर्तमानपत्रात त्यांच्याविषयी वाचलं आणि आम्हाला पहिलं पत्र लिहिलं: “मी तिसऱ्या नंबरची बाई आहे. मतलब, तत्त्व नंबर तीनवाली.” आम्ही ऑफिसात खूप हसलो होतो.

आता तुमच्या पत्रांविषयी. तिचं मराठी अडखळत असे, पण एकदा फोनवर म्हणाली, “हिंदीत उद्याचं बोललं तरी करेगा का करेगी, ठरवावंच लागतं. बाबांची पत्रं बघ. येशील, जेवशील, स्वेटर घालशील. मतलब, मराठीत उद्याला बाई-पुरुष नाहीच! बाबा मला कायम उद्यात लिहितात.” तिने पाठवलेली तुमची दोन पत्रं मी पाहिली. खरंच, तुम्ही तिला कुठेही ‘आलास’ लिहिलेलं नाही. तिला यात फार माया दिसायची.

जबाबाचा मसुदा असा केला आहे: ‘रुग्णालयाच्या कारकुनाने स्वतःच्या मनाने मृत व्यक्तीचं पूर्वीचं नाव व लिंग लिहिलं.’ त्या अर्जाची प्रत असेल तर पाठवाल का?

मिताली


वैशाली नगर, जयपूर
२० एप्रिल २००९

चि. मिताली, आशीर्वाद.

दोन महिने गेले. तुझी दोन पोस्टकार्डं आली, उत्तर दिलं नाही. मसुद्यातलं ते वाक्य काढून टाक. ते खोटं आहे आणि मी सांगितल्यामुळे आलं आहे.

कारकुनाने लिहिलं नाही. त्याने अर्ज माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, “बाबूजी, भर दीजिए.” मी मतदार ओळखपत्र समोर ठेवलं आणि त्यावरून उतरवलं. तनय प्रभाकर नातू. लिंगाचे दोन चौकोन होते, पहिल्यात बरोबरची खूण केली. अर्ध्या मिनिटाचं काम. माझ्या हाताने ते सवयीने केलं. लेकरू शेजारच्या बाकावर बसलं होतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

एकतीस वर्षं मी एकच पाहत आलो, कागद कागदाशी जुळतो की नाही. एका विधवा बाईचा दावा मी तीनदा परत पाठवला होता. पॉलिसीत वारस म्हणून ‘कमल’ होतं आणि दाखल्यावर ‘कमला’. चौथ्यांदा ती आली आणि म्हणाली, “साहब, मैं तो वही हूँ.” मी म्हटलं, “काग़ज़ पर नहीं हैं.” तेव्हा मला यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. तुझं सोळावं कलम वाचलं त्या दिवशी ती बाई आठवली.

पुढचं लिहितो. दोन्ही वॉर्डांनी परत पाठवल्यावर आम्ही व्हरांड्यात बसलो. अंगात एकशे तीन ताप. माझ्या हातातला अर्ज मागून घेतला, वाचला आणि हसून म्हटलं, “बाबा, काना विसरलात.” मग पेन मागितलं. कागद गुडघ्यावर ठेवून ‘तनय’च्या पुढे एक उभी रेघ ओढली. रेघ तिरकी आली. चौकोनाला हात लावला नाही. “ते तुम्ही बदला,” असं म्हणून पेन मला परत दिलं.

मी बदललं नाही. म्हटलं, “खाडाखोड झाली तर अर्ज बाद करतात.” त्यावर नुसती मान हलली. संध्याकाळी ती सिस्टर आली, तोवर पेन माझ्या खिशात होतं.

भविष्यकाळाचंही खरं सांगतो. ती माया नव्हती. ‘आलास’ लिहायला मन घेत नव्हतं आणि ‘आलीस’ लिहायला धीर नव्हता, म्हणून मी वाक्यं वळवायचो. पुढे लेकरू, मूल असं लिहू लागलो, तेही त्याचसाठी. तुझ्या ते लक्षात आलं असेलच. मायेचं समजून गेलं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

अर्जाची प्रत सोबत आहे. माझं अक्षर आणि त्यापुढचा काना वेगळे ओळखू येतील. माझ्यामुळे जबाब लंगडा पडत असेल तर वगळ. तू काहीही ठरवलंस तरी तुझा ऋणी राहीन.

प्रभाकर नातू


पुणे
४ मे २००९

प्रभाकर काका,

तुमचं पत्र वाचून मला राग आला. दोन दिवस मी ते टेबलावर उलटं ठेवलं होतं. मग अर्जाची प्रत भिंगातून पाहिली आणि तो तिरका काना दिसल्यावर राग टिकला नाही.

जबाब लंगडा पडत नाही. वाक्य आता असं आहे: ‘अर्जात दोनच चौकोन होते आणि ओळखपत्राशी न जुळणारा अर्ज स्वीकारला जात नसे. वडिलांनी ओळखपत्राप्रमाणे अर्ज भरला. दोन्ही वॉर्डांनी परत पाठवल्यावर रुग्णाने त्यात स्वतःच्या हाताने आपलं नाव दुरुस्त केलं. त्यानंतरही कोणत्याच वॉर्डात तिला खाट मिळाली नाही.’ आमच्या वकीलबाई म्हणाल्या, आधीच्या वाक्यात एक दुष्ट कारकून होता. त्याला काढलं की खरा दोष कुठे आहे ते दिसतं. काका, हक्क कशासाठी असतो? घरच्या माणसाला ऐन वेळी धीर झाला नाही, तरी आजारी बाईला खाट मिळावी यासाठी. बापाचं धैर्य ही काही भरतीची अट असू शकत नाही.

तुम्हाला माफ करणारी मी कोणी नाही. पण एक कागद तुमचा आहे, तो पाठवते. तुम्ही माझी पत्रं वाचली नाहीत, म्हणून तिची मला आलेली पत्रं मी पुन्हा काढली. १७ ऑगस्ट २००८ च्या पत्रातलं हे, तिच्या स्पेलिंगसकट:

“तू म्हणतेस बाबा किती प्रेमळ. अगं, ते चुकवतात, मला माहीत आहे. मी काय लाहान आहे? पन चुकवायला पण रोज विचार करावा लागतो ना. एक वाक्य लिहायचं तर आधी माझी आठवन, मग लिहायचं. मतलब, प्रत्येक वाक्यात मी असते. लोक तर विचार न करता भैया बोलून मोकळे. बाबा थांबतात. मला थांबणारा मानूस पुरतो सध्या.”

तिला माहीत होतं, काका. फोनवर मला सांगितलं ती तिची गंमत होती, आणि हे पत्र येऊनही मी ती खरी धरून बसले.

संमतीच्या अर्जाची मुदत १५ जुलै.

मिताली


वैशाली नगर, जयपूर
११ जुलै २००९

प्रिय मिताली, आशीर्वाद.

तिच्या पत्राची ती प्रत मी खिशात ठेवतो. घडीवर फाटायला लागली म्हणून प्लॅस्टिक करून घेतलं. तुझे आभार कसे मानावेत ते मला कळत नाही, म्हणून काम केलेलं कळवतो.

संमतीचा अर्ज भरून सोबत पाठवत आहे. नाव: तनया प्रभाकर नातू. मृत व्यक्तीशी नातं: मुलगी. खाडाखोड नाही. लिहिताना हात थांबला नाही, याचं मला नवल वाटलं.

२ तारखेला समलिंगी संबंध गुन्हा नाही असा दिल्लीच्या उच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यात तुमच्या योग्यकार्ता तत्त्वांचा उल्लेख आहे असं वाचलं. तो खटला वेगळ्या कलमाचा आहे, इतकं मला समजतं. पण ज्या कागदाविषयी तिने तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं, तो आपल्या कोर्टात वाचला गेला. मी कात्रण काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवलं.

त्या सिस्टरला भेटून आलो. मिठाई तिने घेतली नाही. म्हणाली, “अंकल, वो लड़की मुझे रोज़ थैंक्यू बोलती थी, उतना बहुत है.” घरमालकिणीने दिलेला फोटो आता भिंतीवर आहे. कॉलेजातला काढून प्रतिमाच्या पेटीत ठेवला. तोही तिचाच आहे, टाकवत नाही.

मंडळाच्या पत्रकात श्रद्धांजली आली. मी स्वतः उमाकांतरावांकडे जाऊन ‘सुकन्या’ लिहा म्हणून सांगितलं. ते चष्मा काढून म्हणाले, “बसा. चहा टाकायला सांगतो.” दुसरं काही विचारलं नाही. छापताना मात्र त्यांच्याकडून ‘तनाया’ झालं. एक काना जास्त. आता ते रोज फोन करतात, “पुढच्या अंकात दुरुस्ती टाकतो हो, प्रभाकरराव.” मी नको म्हटलं. नोकरीत असतो तर दावा परत पाठवला असता.

आणखी एक कागद सोबत आहे. तो तुझ्यासाठी नाही, पण ज्या पत्त्यावर पाठवायचा तो पत्ता माझ्याकडे नाही. तिची पत्रं तुझ्याजवळ आहेत, त्यांच्यात ठेव.

प्रभाकर काका

*

तनया,

मायना काय घालावा ते समजेना. चिरंजीव लिहिता येत नाही आणि दुसरं लिहायचं नाही.

तुला मी नेहमी पुढचंच लिहीत आलो. येशील, जेवशील, स्वेटर घालशील. आता पुढचं काही उरलं नाही. मराठीत मागचं लिहायचं तर ठरवावं लागतं, म्हणून ठरवून लिहितो.

तू बोलायला उशिरा लागलीस. पहिलीत असताना तू पाटीवर सगळ्या अक्षरांना काने द्यायचीस आणि आई रागवायची. तू एकटी गोपालपुऱ्यात राहिलीस. नोकरी गेली तेव्हा तू मला कळवलं नाहीस, उलट माझ्या खोकल्याची चौकशी केलीस. तू बाकावर पाच तास बसलीस आणि माझ्यावर एकदाही चिडली नाहीस. दुसऱ्या चौकोनात मी आज खूण केली, घरातल्या प्रतीवर. खाडाखोड झाली. होऊ दे.

तू आमच्याकडे आलीस, सव्वीस वर्षं राहिलीस. फार बरं झालं तू आलीस.

बाबा